शिपायाच्या छातीवरचं शौर्यपदक: कशासाठी, कोणाला आणि कसं

सैनिकाच्या गणवेशावर डाव्या बाजूला रंगीत फितींची रांग असते. पाहणाऱ्याला वाटतं, एवढे पराक्रम केले म्हणून एवढ्या फिती. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेक सेवेच्या असतात. अमुक मोहिमेत तैनात होता, उंच बर्फाळ चौकीवर राहिला, नऊ वर्षं किंवा वीस वर्षं नोकरी झाली, अशा गोष्टींसाठी त्या मिळतात. लढाईत जखमी झालेल्यासाठीही वेगळं पदक आहे. अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला ही पदकं मिळतात आणि तो मान कष्टानं कमावलेलाच असतो. शौर्यपदक वेगळं. एका माणसानं, एका ठरावीक दिवशी, एका ठरावीक जागी जे केलं त्यासाठी ते दिलं जातं. त्याच्या चांगल्या वागणुकीशी, हुद्द्याशी किंवा नोकरीच्या वर्षांशी त्याचा संबंध नसतो.

नावांमुळे आणखी एक घोटाळा नेहमी होतो. परम विशिष्ट सेवा पदक आणि परमवीर चक्र ही दोन्ही नावं कानाला जवळची वाटतात. पहिलं वरिष्ठ अधिकाऱ्यांना दीर्घ, उत्कृष्ट कामगिरीबद्दल मिळतं. दुसरं कालपरवा भरती झालेल्या शिपायालाही मिळू शकतं, आणि मिळालेलं आहे.

भारतातली मोठी शौर्यपदकं दोन घराण्यांत विभागलेली आहेत. शत्रूशी समोरासमोर लढताना दाखवलेल्या शौर्यासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. शत्रूसैन्याशी थेट सामना नसताना, म्हणजे दहशतवाद्यांशी झुंजताना, आगीतून वा पुरातून माणसं वाचवताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र. दोन्हीकडे उतरंड तीन पायऱ्यांची, आणि दोन्हीकडची एकाच पायरीवरची पदकं एकमेकांच्या तोडीची मानली जातात. पहिलं घराणं 26 जानेवारी 1950 ला सुरू झालं, पण काश्मीरची लढाई त्याआधीच होऊन गेली होती, म्हणून ते 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरलं गेलं. दुसरं 1952 मध्ये आलं. तेव्हा त्याला अशोक चक्र वर्ग एक, दोन, तीन अशी रुक्ष नावं होती. आजची नावं 1967 ची. दुसऱ्या घराण्यातली पदकं गणवेशाबाहेरच्या नागरिकालाही मिळतात आणि पोलिसालाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची रायफल हातांनी धरून ठेवणारे मुंबई पोलिसांचे तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं ते या वाटेनं.

या सहा चक्रांच्या खाली सेना पदक, नौसेना पदक आणि वायुसेना पदक येतं. लढाईच्या अहवालात नुसता नावानिशी उल्लेख होणं, हाही एक मान आहे. तो मिळालेला जवान फितीवर कमळाच्या पानाचं छोटं चिन्ह लावतो.

युद्ध रीतसर जाहीर झालेलं असावं लागतं का, असं अनेक जण विचारतात. नाही. ‘शत्रूच्या उपस्थितीत’ एवढीच अट आहे, मग ते जमिनीवर असो, समुद्रात वा आकाशात. कारगिलमध्ये युद्धाची औपचारिक घोषणा झालेली नव्हती, तरी चार परमवीर चक्रं दिली गेली. 1987 मध्ये सियाचीनवर सुमारे 21,000 फुटांवरची पाकिस्तानी चौकी घेणारे नायब सुभेदार बाणा सिंग यांना ते मिळालं तेव्हाही कुठलं जाहीर युद्ध सुरू नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत काँगोला गेलेले कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया आणि श्रीलंकेत लढलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं परमवीर चक्र तर परक्या भूमीवरचं.

आता मुद्दा साध्या शिपायाचा. आज आपल्याला हे स्वाभाविक वाटतं की जे पदक कर्नलला मिळतं तेच शिपायाला मिळावं. जगात बराच काळ तसं नव्हतं. ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्यांसाठी मानाचे किताब होते आणि रांगेतल्या शिपायासाठी फारसं काही नव्हतं. क्रिमियाच्या युद्धानंतर 1856 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस आला. हुद्दा न बघता कोणालाही देता येईल असं हे सर्वोच्च पदक होतं. पण ‘कोणालाही’ या शब्दात हिंदी शिपाई बसत नव्हता. त्याच्यासाठी कंपनी सरकारनं 1837 मध्येच ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ काढली होती, तिचे तीन वर्ग होते, आणि पहिल्या वर्गापर्यंत पोचायला एकेका पायरीसाठी नव्यानं पराक्रम करावा लागे. म्हणजे पहिला वर्ग हवा असेल तर तीन वेळा जिवावर उदार व्हायचं. त्यासोबत वाढीव पगार मिळे, ही त्यातली ठोस गोष्ट. 1911 च्या दिल्ली दरबारात हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस खुला झाला. तीनच वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1914 ला बेल्जियममधल्या होलेबेक इथे मशीनगन सांभाळत राहिलेले शिपाई खुदादाद खान यांनी तो मिळवला.

तरीही खालच्या पायऱ्यांवर भेद राहिलाच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी अधिकाऱ्यांसाठी मिलिटरी क्रॉस आणि इतर हुद्द्यांसाठी मिलिटरी मेडल अशी वेगळी पदकं केली. शौर्य तेच, खंदकही तोच, पण पदक हुद्द्याप्रमाणे. ब्रिटननं हा भेद 1993 मध्ये मोडला. भारतानं 1950 मध्ये स्वतःची पदकं घडवली तेव्हाच तो ठेवला नाही, आणि मला वाटतं, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी घेतलेल्या निर्णयांत याची पुरेशी आठवण ठेवली जात नाही. लान्स नाईक करम सिंग यांच्या छातीवर या दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी होत्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात मिळालेलं मिलिटरी मेडल, जे अधिकाऱ्याला मिळालंच नसतं; आणि 13 ऑक्टोबर 1948 ला काश्मीरच्या तिथवाल भागातल्या रिछमार गलीची चौकी राखल्याबद्दलचं परमवीर चक्र, जे कोणत्याही हुद्द्याला मिळू शकतं.

आजवर 21 जणांना परमवीर चक्र मिळालं. त्यांतले 12 अधिकारी आणि 9 जण शिपाई ते सुभेदार या हुद्द्यांचे: नाईक जदुनाथ सिंग, कंपनी हवालदार मेजर पीरू सिंग, करम सिंग, सुभेदार जोगिंदर सिंग, कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, लान्स नाईक अल्बर्ट एक्का, बाणा सिंग, ग्रेनेडियर योगेंद्र सिंग यादव आणि रायफलमन संजय कुमार. 21 पैकी 14 पदकं मरणोत्तर आहेत. 2023 मध्ये अंदमान-निकोबारमधल्या 21 बेटांना या सगळ्यांची नावं दिली गेली.

पदकासाठी ‘शौर्य’ म्हणजे नेमकं काय धरतात, हे व्याख्येपेक्षा एखादं कृत्य जवळून पाहिलं की कळतं. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन शिपाईगड्यांना दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघावेत.

10 जुलै 1944, वरच्या टायबर खोऱ्यातला डोंगराळ भाग. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे एका छोट्या तुकडीचं नेतृत्व करत होते. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडगे सोडून तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी होऊन पडले. घाडगे सरळ मशीनगनवर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा संपवला, मग टॉमीगननं आणखी एकाला. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं झोडपून ठार केलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्यानं जिंकलेल्या त्याच मोर्च्यावर त्यांनी प्राण सोडला. वय बावीस.

9 एप्रिल 1945, सेनियो नदी. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप पोचवणारा गडी. नदी पार करून पलीकडच्या सुरुंग पेरलेल्या काठावर चढताना पुढची टोळी तीन मशीनगनांच्या तावडीत सापडली. कंपनी कमांडर आणि आणखी एक जण जखमी झाले, बाकीचे पडले, धड राहिले ते एकटे जाधव. त्यांनी एका जखमीला पाठीवर घेऊन खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप जागी नेलं. परत जाऊन दुसऱ्याला आणलं. एवढ्यावर ते थांबले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. ते पुन्हा नदी ओलांडून गेले. पहिली मशीनगन टॉमीगननं गप्प केली, पण हाताला गोळी लागून चाप ओढता येईना. बंदूक फेकून दिली आणि ग्रेनेड घेऊन उरलेल्या दोन मोर्च्यांवर गेले. मध्ये ग्रेनेड संपले तर सरपटत बंधाऱ्याच्या माथ्यावर जाऊन मागच्या उतारावरच्या सोबत्यांकडून नवे घेतले. तिन्ही गन बंद झाल्यावर बंधाऱ्यावर उघड्यात उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत, हात हलवत त्यांनी मागच्या कंपन्यांना पलीकडे बोलावलं. जाधव जगले, 1984 पर्यंत.

दोन्ही नोंदींत तीन गोष्टी सारख्या आहेत. धोका समोर दिसत होता, हुकूम द्यायला वर कोणी उरलं नव्हतं, आणि त्या एका माणसाच्या कृत्यानं इतरांचा मार्ग मोकळा झाला. पदकाची शिफारस तपासणारे हेच बघतात: माणसाच्या नेहमीच्या कर्तव्याच्या पलीकडे हे किती गेलं, जोखीम किती होती, आणि लढाईवर त्याचा परिणाम काय झाला. किती शत्रू मारले, हा हिशेब दुय्यम आहे.

तो दुय्यम का, ते राम राघोबा राणे यांच्या परमवीर चक्रावरून नीट समजतं. कारवारजवळच्या चेंडियाचे राणे 1940 मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या अभियंता दलात, साधे शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार झाले, आणि डिसेंबर 1947 मध्ये सेकंड लेफ्टनंट. एप्रिल 1948 मध्ये जम्मूतल्या नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्त्यावर सुरुंग, पाडलेली झाडं, उडवलेले पूल होते. 8 तारखेला तोफगोळ्याच्या मार्‍यात राणे यांच्या मांडीला जखम झाली. तरी ते 11 तारखेपर्यंत रस्ता साफ करत राहिले. वरून गोळीबार इतका होता की उघड्यावर सुरुंग काढणं अशक्य. मग ते चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. दोन दोर चालकापर्यंत नेले. एक ओढला की पुढे, दुसरा ओढला की थांब. डोक्याच्या वर काही टन लोखंड सरकत असताना पालथं पडून हातानं सुरुंग काढायचे, आणि हे तासाभराचं काम नव्हे, दिवसांचं. यात त्यांनी किती शत्रू मारले हा प्रश्नच उद्भवत नाही. रणगाडे राजौरीला पोचले आणि तिथल्या लोकांचा जीव वाचला, हे त्यांचं शौर्य.

इथपर्यंत सगळं रणांगणावरचं. पदक मात्र कागदावरून येतं. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर शिफारस लिहितो. सोबत प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब लागतात. ते कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशा पायऱ्या चढत सेना मुख्यालयात जातात, तिथून संरक्षण मंत्रालयातल्या समितीकडे, आणि अखेर राष्ट्रपतींच्या मंजुरीला. प्रत्येक पायरीवर शिफारस खालच्या पदकावर उतरवली जाऊ शकते किंवा नाकारली जाऊ शकते. मंजुरी मिळाली की राजपत्रात नाव छापलं जातं आणि सोबत मानपत्र, ज्याला फौजेत सगळे सायटेशनच म्हणतात. आपण पाठ्यपुस्तकात वाचतो त्या बहुतेक वीरकथा या मानपत्रातल्या परिच्छेदातूनच आलेल्या असतात.

ही चाळणी कडक असायलाच हवी, नाहीतर पदकाला अर्थ उरणार नाही. पण तिची एक बाजू मला फार अस्वस्थ करते. साक्षीदार लागतो. शेवटच्या माणसापर्यंत लढलेल्या तुकडीत साक्षीदार कुठून आणायचा?

18 नोव्हेंबर 1962, लडाखमधलं रेजांग ला. कुमाऊँ रेजिमेंटच्या 13व्या पलटणीतल्या एका कंपनीनं मेजर शैतान सिंग यांच्या हाताखाली चिनी फौजेला तोंड दिलं आणि शंभराहून अधिक जवान तिथेच पडले. मोजके वाचले, त्यांनी खाली येऊन जे सांगितलं ते अनेकांना खरं वाटेना. काही महिन्यांनी लोक वर गेले तेव्हा बर्फानं सगळं जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. जवान आपापल्या खंदकात, हातात शस्त्र. कंपनीसोबतच्या वैद्यकीय मदतनीसाच्या हातात इंजेक्शनची सिरिंज. साक्ष देणारा माणूस उरला नाही तिथे खंदकांनी साक्ष दिली. शैतान सिंग यांना परमवीर चक्र, आणि त्या कंपनीच्या वाट्याला आठ वीर चक्रं आली. बर्फाऐवजी तिथे वाहती नदी असती, किंवा ती जमीन परत हाती आली नसती, तर? 1962 मध्ये अशा जागा होत्या. म्हणून पदक मिळालेल्याचा मान ठेवताना हेही मनात असावं की पदक नसणं म्हणजे शौर्य नसणं असा अर्थ काढता येत नाही. पराभवाच्या आणि माघारीच्या लढायांत कागद लिहिणारेही पडतात, आणि ज्या पलटणीत नीट लिहिणारा अधिकारी वाचतो तिची कथा पुढे जाते.

गोंधळ उलट्या बाजूनंही होतो. 1962 मध्येच पँगाँग सरोवराजवळच्या सिरिजाप चौकीवर मेजर धनसिंग थापा मारले गेले असं समजून त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं. ते चिनी कैदेत जिवंत होते आणि नंतर सुटून आले. 1999 मध्ये टायगर हिलवर लढलेले योगेंद्र सिंग यादव यांचंही तसंच. त्यांच्याच नावाचा दुसरा जवान शहीद झाला होता, आणि एकोणीस वर्षांचे यादव अंगभर गोळ्या झेलून रुग्णालयात होते. मरणोत्तर म्हणून जाहीर झालेलं पदक जिवंत माणसाच्या छातीवर लागलं.

पदकाच्या घडणीबद्दल थोडंसं. परमवीर चक्र कांस्याचं आहे, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाचं, जांभळ्या फितीवर लटकणारं. मध्ये राजमुद्रा आणि भोवती चार वज्रं, दधीची ऋषींनी अस्थी दिल्या त्यातून घडलेल्या इंद्राच्या वज्राच्या आकाराची. ही आकृती सावित्री खानोलकर यांची. जन्मानं त्या स्वित्झर्लंडच्या. मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून इथल्याच झाल्या, संस्कृत आणि पुराणं मन लावून शिकल्या. पहिलं परमवीर चक्र ज्यांना मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा त्यांच्या मुलीचे दीर होते. महावीर चक्र आणि वीर चक्र चांदीची. तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं तर नवं चक्र देत नाहीत, फितीवर एक पट्टी लावतात. महावीर चक्र दोनदा मिळवणाऱ्या मोजक्यांत आपले जनरल अरुणकुमार वैद्य आहेत, 1965 आणि 1971.

पदकाबरोबर दरमहा भत्ता मिळतो. 2017 मध्ये केंद्रानं तो दुप्पट केला: परमवीर चक्राला महिना 20,000 रुपये, महावीर चक्राला 10,000, वीर चक्राला 7,000. वीराच्या मृत्यूनंतर तो पत्नीला मिळतो. इथे एक अट कित्येक वर्षं होती आणि ती वाचून मला अजूनही संताप येतो. विधवेनं पुन्हा लग्न केलं तर भत्ता बंद, पण तिनं मृत पतीच्या भावाशी म्हणजे दिराशी लग्न केलं तर चालू. विशीतल्या वीरपत्नीनं कोणाशी संसार करावा, हे एका भत्त्याच्या नियमानं ठरवायचं. नोव्हेंबर 2017 मध्ये संरक्षण मंत्रालयानं दिराची ती अट काढून टाकली.

दुसरी विसंगती अजून शिल्लक आहे. केंद्राचा भत्ता सगळ्यांना सारखा, पण एकरकमी मदत, जमीन किंवा नोकरी राज्य सरकारं देतात आणि प्रत्येक राज्याचे आकडे वेगळे. एकाच चौकीवर, एकाच रात्री, एकाच पदकाचे मानकरी ठरलेल्या दोन जवानांच्या घरी पोचणाऱ्या रकमेत लाखोंचा, कधी कोटीचा फरक पडतो, कारण एकाचं गाव एका राज्यात आणि दुसऱ्याचं दुसऱ्या. पदक देताना देशानं हुद्दा बघायचा नाही असं 1950 मध्ये ठरवलं. मदत देताना राज्यही बघू नये, राज्यांनी बसून एकच रक्कम ठरवावी आणि ती घरच्यांना कचेऱ्यांचे उंबरे न झिजवता मिळावी, अशी मागणी माजी सैनिकांच्या प्रत्येक मेळाव्यात आपणही लावून धरायला हवी.